मिठाच्या वाघिणीचं दार

माझ्या धाकट्या जावेचा हात चांगला आहे, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे कोणीतरी म्हणायचं, म्हातारी जळते म्हणून नावं ठेवते. हात चांगला आहे. आणि मी जळते. दोन्ही खरं.

ती दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टरांकडून साचे येतात, ही त्यात मेण ओतते, घासते, दात बसवते. रेल्वेशी तिचा संबंध काय, तर तिकिटापुरता. मी मात्र वाघिणी बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा, हे आता लोकांना सांगावं लागतं. इंजिनियर लोक पेन्सिलीने नकाशा काढायचे, त्यावर आरपार दिसणारं कापड ताणून मी तो शाईने उतरवायची. त्या कापडावरून मग छापे निघायचे आणि त्या छाप्यांवरून खाली शेडमध्ये वाघिणी उभ्या राहायच्या. शेडमधले मुख्य मिस्त्री म्हणजे आमचे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणते. लग्नाआधी 'मिस्त्री' म्हणायची, पण ते नंतर येईल.

ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी दर रविवारी आम्ही दोघं छोट्या वाघिणी करायला बसलो. खऱ्याच्या अठ्ठेचाळीस इंचांचा आमचा एक इंच. पातळ फळ्या, पितळेची तार, पत्र्यावर मागून सुईने टोचून उठवलेले रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची गोल डोकी. एका बाजूला एकशे बारा रिव्हेट असतील तर एकशे बाराच. आमचे हे एकदा म्हणाले, "काय सासरा-सून खेळण्यांशी खेळता!" मामंजींनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "खेळण्यातले रिव्हेट मोजता येतात का रे तुला? शंभराच्या पुढे तुझी बोंबच होती." त्यानंतर हे त्या खोलीत आलेच नाहीत. एकोणीस वर्षांत आम्ही एकोणीस वाघिणी केल्या. कोळशाची, गुरांची, दगडाची, तेलाची. फक्त मिठाची राहिली होती. मामंजी म्हणायचे, "ती शेवटी. ती माझी सगळ्यांत आवडती."

दोन वर्षांपूर्वी मामंजी आमच्या जिन्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. धाकटीचं घर तळमजल्यावर. तेव्हा ते तिकडे गेले. यात कोणाची काही चूक नव्हती, म्हणून तर जास्त चीड आली. भांडायचं तरी कोणाशी?

धाकटी त्यांना 'बाबा' म्हणते. लग्न होऊन आल्या दिवसापासून. पंचवीस वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता एकदम ते 'बाबा' कानात खुपायला लागलं. त्यात एक दिवस मामंजींचा फोन आला, आवाज लहान पोरासारखा. "अगं, हिने कोळशाची वाघीण केली! कवळीच्या मालातून चाकांच्या आसाच्या पेट्या ओतल्या. आणि ऐक तरी, दार उघडतं! बिजागऱ्यांवर! आपल्या एकोणीसच्या एकोणीस चिकटवलेल्या, हिचं दार उघडतं!"

"वा वा, छान," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग ओटा पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता. पुन्हा पुसला.

नंतर दर महिन्याला एक दार उघडायचं. मी बघायला जायची, कौतुक करायची, घरी येऊन ह्यांच्यावर खेकसायची. हे बिचारे म्हणाले, "तुझ्या पोटात दुखतंय, तर मला कशाला काढा?" मी दोन दिवस बोलले नाही.

या वर्षाच्या सुरुवातीला जुन्या मालधक्क्याचं संग्रहालय झालं. तिथले व्यवस्थापक मामंजींकडे आले. मिठाच्या बाराच वाघिणी कारखान्याने बांधल्या होत्या, बाराही भंगारात गेल्या. म्हणून त्यांना एक अचूक प्रतिकृती हवी होती, मधल्या काचेच्या पेटीत ठेवायला, आणि खाली पाटी लावायची होती की मूळ वाघीण मामंजींनी बांधली. मामंजी सत्त्याऐंशी वर्षांचे. त्यांना दुसरं काही नकोच होतं. त्यांची वाघीण, जशी होती तशी, त्यांच्या डोळ्यांदेखत.

आणि मामंजी काय म्हणाले? "धाकटी करेल. तिचा हात बसलाय. नकाशा थोरलीकडे आहे, तो आणा."

म्हणजे एकोणीस वर्षं मी काय माशा मारत होते? माझ्या अंगठ्याचा सांधा सुजतो, मान्य. पण एका शब्दाने विचारायचं तरी! 'जमेल का गं तुला?' एवढंच. मी नाही म्हटलं असतं. कदाचित.

आता नकाशाचं ऐका. मिठाच्या वाघिणीचे माझ्याकडे दोन नकाशे आहेत. एक बरोबर आणि एक चुकीचा, आणि चुकीचा मीच केलेला. नोकरीला लागून तीन महिने झाले होते. ब्रेकच्या उभ्या दांड्याचा नकाशा वेगळ्या तुकड्यावर होता, पातळ पारदर्शक कागदावर. मी तो कापडाखाली पालथा ठेवला. आरपार दिसतं ना, सुलट-उलट कळलंच नाही. दांडा डावीकडचा उजवीकडे गेला, आणि उजवीकडेच तर दार उघडतं. तशी वाघीण बांधली असती तर दार वीतभर उघडून दांड्यावर आपटलं असतं. खाली शेडमध्ये मिस्त्रींच्या ते लक्षात आलं. मोठ्या साहेबाकडे न जाता ते सरळ माझ्या टेबलाशी आले. हळूच म्हणाले, "पोरी, या फटीतून मीठ काय चमच्याने काढायचं?" मला रडू फुटलं. त्यांनी नवा कापून आणलेला कापडाचा तुकडा पुढे केला आणि मी दुसरा नकाशा उतरवेपर्यंत तिथे उभे राहिले. वर्षाने त्यांच्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा चुकीचा नकाशा त्यांनी मला परत दिला. "हा जपून ठेव. याच्यामुळे तू आमच्याकडे आलीस."

तोच मी धाकटीला दिला.

हो, मुद्दाम. चुकून नाही. दोन्ही नकाशांच्या नळ्या कपाटात शेजारी होत्या, दोन्ही उघडून बघितल्या आणि चुकीची उचलली. वर आणखी एक केलं. कारखान्यात आमच्या नकाशांच्या खोलीत रीत होती: नकाशा शेडमध्ये जायच्या आधी कोपऱ्यात 'तपासले' लिहून सही आणि तारीख. ती सही असली की खालच्या कारागिराने शंका काढायची नाही, जसं आहे तसं बांधायचं. मी कोपऱ्यात 'तपासले' लिहिलं, सही केली, त्या दिवसाची तारीख घातली. धाकटीला म्हटलं, "डोळे झाकून कर. केसभर इकडचं तिकडे करू नकोस."

"तुम्ही तपासलाय म्हटल्यावर प्रश्नच नाही, ताई," ती म्हणाली.

माझा हिशोब साधा होता. मामंजींना आता बारीक रेघा दिसत नाहीत, नकाशा बघायच्या भानगडीत ते पडणार नाहीत. वाघीण उभी राहिली की मात्र बोटांनी चाचपतील, आणि दार आपटलं की हिची फजिती होईल. तिला काही सुधरणार नाही, कारण मूळ वाघीण तिने पाहिलीच नाही. मग मामंजी म्हणतील, 'थोरलीला बोलवा.' मी बरोबर नकाशा काखेत मारून जाईन आणि म्हणेन, अगं बाई, नळ्यांची अदलाबदल झाली वाटतं! मला एवढंच हवं होतं. थोरलीला बोलवा.

चार महिने मी त्या फोनची वाट पाहिली. फोन यायचा, पण हवापाण्याचा. "वाघीण कशी चाललीय?" मी विचारायची. "चाललीय," मामंजी म्हणायचे. एकदा तर मीच म्हटलं, "काही अडलं तर सांगा हं." मग म्हणाले, "नाही, अडत नाही काही."

वाघीण पेटीत ठेवायच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे संग्रहालयात गेलो. मामंजी चाकाच्या खुर्चीत, इस्त्रीचा सदरा घालून. धाकटीने खोक्यातून वाघीण काढून काचेच्या पेटीत रुळावर ठेवली. काय सांगू! दोन्हीकडे उतरतं छप्पर, मिठाने गंजू नयेत म्हणून लोखंडाऐवजी तांब्याचे खिळे, कडेला मिठाने खाल्लेला रंग. माझ्या एकोणीस वाघिणी तिच्यापुढे खोकी वाटल्या असत्या. मला उभ्या उभ्या ताप चढल्यासारखं झालं. आणि उजव्या बाजूला तो दांडा. चुकीच्या जागी, ऐटीत उभा.

दार बंद होतं.

"दार उघडून दाखव ना," मी म्हटलं. आवाज मला हवा होता त्याहून गोड निघाला.

"ते चिकटवलंय, ताई." धाकटी जरा खट्टू झाली. "उघडणारंच केलं होतं. पण दांड्यावर आपटायला लागलं. मला वाटलं माझंच माप चुकलं. तीनदा पुन्हा केलं. शेवटी नकाशा बाबांच्या मांडीवर ठेवला, म्हटलं तुम्हीच बघा. भिंग घेऊन कितीतरी वेळ बघत होते, खालच्या कोपऱ्यापर्यंत. मग म्हणाले, 'दार चिकटवून टाक. थोरलीने तपासलंय म्हणजे बरोबरच आहे.'"

मी मामंजींकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर त्या दांड्यावर होती. खालच्या कोपऱ्यात यंदाची तारीख त्यांनी वाचली होती. त्यांच्यासारख्या माणसाला आणखी काय सांगायचं असतं? सगळं कळलं होतं त्यांना, आणि धाकटीसमोर माझं नाव जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची वाघीण चुकीची होऊ दिली. एक रिव्हेट कमी पडला तर जेवण न जाणारा माणूस! आता तीच त्यांच्या नावाच्या पाटीवर कायमची बसणार होती.

व्यवस्थापक स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. "लावू ना काच? नंतर काढायची नाही म्हणून विचारतो."

"लावा," मामंजी म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "लावू नका. दांडा चुकलाय. तो डावीकडे असतो."

"गप्प बस," मामंजी एकदम ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मला ओरडले. "बरोबर आहे ते. लावा हो तुम्ही."

"नाही बरोबर!" मी पण ओरडले. "नकाशा चुकीचा आहे. माझ्या हातचा चुकीचा नकाशा, आणि मी तो जाणूनबुजून दिला. सही करून दिला. हिची फजिती व्हावी म्हणून." धाकटीकडे वळले. "तू त्यांच्याजवळ बसतेस ते मला सहन होत नाही. झालं? तुझं दार उघडतं तेही सहन होत नाही."

व्यवस्थापक स्क्रू ड्रायव्हरकडे असं बघायला लागले, जणू तो आजच हातात आला आहे.

मला वाटलं धाकटी मला फाडून खाईल. मी तयार होते. पण ती मामंजींकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं, बाबा?"

त्यांनी सदऱ्याची बाही सरळ केली.

"मी तीनदा बिजागऱ्या केल्या. रडले तुमच्यासमोर, माझा हात बिघडला म्हणून. तुम्ही बघत बसलात." तिचा आवाज फुटला. "एकदाही म्हणाला नाहीत की तुझं बरोबर आहे. ताईंना बोल लागू नये म्हणून मला चुकीचं करू दिलंत. दोन वर्षं मी तुमचं सगळं करतेय, बाबा. आणि माझ्यासाठी एवढं केलं असतंत तुम्ही?"

उत्तर तिघांनाही कळलं होतं.

दोन वर्षं मला जे हवं होतं ते हेच होतं, आणि ते माझ्याकडे कधीपासूनच होतं. धाकटीने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला शिकवायला नको होती. तिच्या प्रत्येक वाघिणीकडे मी तशीच बघत आले होते. मला तिचा हात धरावासा वाटला, पण माझ्याच्याने झालं नाही.

तिने पेटीत हात घालून वाघीण बाहेर काढली आणि खोक्यात ठेवली.

"बरोबरचा नकाशा घरी आहे ना?" तिने विचारलं. ताई म्हणाली नाही.

"आहे."

"घेऊन या. मी इथेच थांबते."

मी निघाले. दारापर्यंत गेले तरी मामंजी त्या रिकाम्या पेटीकडेच बघत होते, आणि धाकटी त्यांच्या खुर्चीपासून बरीच लांब उभी होती.