बत्तीसपासून पुढे

तो शनिवार इतर कुठल्याही शनिवारसारखाच होता. सकाळी बाबांनी दाढी केली, कानामागे पेन्सिल अडकवली आणि पॉलिशपेपरचा एक तुकडा घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

"कुठं निघालात? कपाट बसवायला?" आईने विचारलं.

"मास्तरांना यंत्र घ्यायचंय."

"मग तुम्ही कशाला?"

"बिजागरीचं यंत्र आहे. बिजागरी म्हटल्यावर सुतार नको बरोबर?"

मास्तर म्हणजे त्यांची मुलगी. लहानपणापासून येईल त्याच्या चुका काढायची, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं होतं. पुढे तिने पोटापाण्यासाठीही तोच धंदा धरला. एका प्रकाशनसंस्थेत ती हस्तलिखितं वाचायची, दिवसाला शंभर-दीडशे पानं. तिच्या लॅपटॉपचा पडदा गेल्या आठवड्यात एका कडेने काळा पडू लागला होता, आणि खाली वाकून वाचून मान तर कधीचीच कामातून गेली होती. तिला हवा होता पडदा पूर्ण उलटा फिरणारा लॅपटॉप, म्हणजे तो तंबूसारखा टेबलावर उभा करता येईल आणि पानावर पेनाने खुणाही करता येतील. नवा परवडण्यासारखा नव्हता. चौकातल्या दुकानात मात्र जुनी मॉडेलं सवलतीत काढली होती. चार दिवस तिने त्यांच्याबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं. मेमरी किती, ती पुढे वाढवता येते का, बॅटरी किती चालते, अजून किती वर्षं सॉफ्टवेअरच्या सुधारणा मिळत राहतील. बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "उघडून बघितलंस का?"

बाबांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. करवतीच्या यंत्रापाशी उभं राहून राहून कान गेले होते, त्यामुळे बोलायचे ते मोठ्याने आणि समोरच्याचं बोलणं बरंचसं ओठांवरून ओळखायचे. बिजागरीची कुरकुर त्यांना ऐकू यायची नाही. म्हणून ते दाराला गाल लावायचे. कुरकुर हाडातून कळते म्हणायचे. आणि बसवलेलं प्रत्येक दार पन्नास वेळा उघडून मिटल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचे नाहीत. मोजायचेही मोठ्याने. आई म्हणायची, या माणसाला पन्नासपर्यंतच आकडे येतात.

दुकानात शिरताना दारातच तिने त्यांना बजावलं, "बाबा, इथं गाल नका लावू हं."

"का? मशीनला दाढी टोचते?"

दुकानात काउंटरवर एक विक्रेती होती. तिशीची, चष्मेवाली, बोलण्यात सरळ. तिने तीन लॅपटॉप पुढे मांडले. पहिला चांदीच्या रंगाचा, पातळ, मागच्या वर्षीचा. दुसऱ्याचा पडदा कीबोर्डपासून वेगळा निघायचा. तिसरा तीन वर्षं जुना, जाडसर, दुकानात मांडून ठेवलेला, झाकणावर एक बारीक ओरखडा.

"पहिला दिसायला छान आहे," विक्रेती म्हणाली, "पण मेमरी आठच, आणि वाढवता येत नाही. तिसऱ्यात सोळा आहे. बॅटरी कंपनी सहा तास सांगते, तुम्ही चार धरा. जुना आहे, खोटं कशाला बोलू?"

"ही पोरगी खरं बोलते," बाबा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले आणि पहिल्याचं झाकण उघडलं. "एक."

तिला वाटलं, दहापर्यंत मोजतील आणि थांबतील. पण तसं काही नव्हतं. पन्नास झाल्यावर त्यांनी पडद्याला बोटाने टिचकी मारली. पडदा बराच वेळ डुलत राहिला. "मान ढिली आहे याची. दोन वर्षांत तुझ्या मानेसारखी होईल." दुसरा त्यांनी मांडीवर घेऊन पाहिला. मागचा टेकू घसरला आणि पडदा पाठीवर पडला. "याला बिजागरीच नाही. हा तर फोटोफ्रेमचा टेकू!" विक्रेती हसली. रांगेतली दोन माणसंही हसली. तरी बाबांनी तोही पन्नास वेळा टेकवून पाहिला. नियम म्हणजे नियम.

मग तिसरा. पहिल्या पाच खेपांतच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी एका हाताने झाकण उचललं, बूड जागचं हललं नाही. पडदा पूर्ण उलटा फिरवला, तंबू केला, परत मिटला. आणि मग तिने बजावलं होतं ते विसरून ते काउंटरवर वाकले, बिजागरीला गाल लावला, डोळे मिटले आणि मोजू लागले. "अठरा… एकोणीस…"

नेमक्या त्याच वेळी तिच्या ऑफिसातल्या मुख्य संपादक दुकानात आल्या.

मॅडमबद्दल वाईट बोलण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनीच तिला घडवलं होतं. पण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी घरच्यांची चौकशी केली होती, तेव्हा तिने सांगितलं होतं, "वडिलांचा फर्निचरचा व्यवसाय आहे." खोटं नव्हतं ते. वाक्यातला एक शब्द बदलला की सगळ्या वाक्याला इस्त्री होते, हे तिला नोकरी लागायच्या आधीपासूनच ठाऊक होतं. गेली आठ वर्षं ते इस्त्रीचं वाक्य तिने जपून वापरलं होतं.

"अगं, तू इथं?" मॅडम म्हणाल्या. "मी चार्जर घ्यायला आले." मग त्यांचं लक्ष काउंटरवर गेलं. "सत्तावीस," बाबा म्हणत होते. "अठ्ठावीस." गाल झाकणाला, पेन्सिल कानामागे, बाहीवर जुन्या पॉलिशचा तपकिरी डाग. मॅडमच्या ओठांवर हसू आलं. त्यांनी आवाज खाली आणला. "हे कोण गं? तुझ्याबरोबर आहेत?"

"एकोणतीस. तीस."

"नाही," ती म्हणाली. "नाही, नाही. मी सहज बघायला आले होते."

"एकतीस."

त्यानंतर आकडा आला नाही.

बाबा सरळ उभे राहिले. लॅपटॉप हळूच मिटला. पॉलिशपेपरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि घडी घालून खिशात टाकलं. मग दाराकडे जायला वळले. वाटेत ती उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, म्हणजे अनोळखी बाईकडे जेवढं पाहतात तेवढंच, आणि आयुष्यात प्रथमच हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, जरा सरकता का?"

ती सरकली.

मॅडमशी आणखी पाच मिनिटं बोलणं झालं. कशाबद्दल ते तिला कधीच आठवलं नाही. बाहेर बाबा बसथांब्यावर बाकावर बसले होते. तिला बघून त्यांनी शेजारची जागा हाताने झाडली. काही घडलंच नव्हतं जणू. त्यांना ऐकू आलं नसेल, तिने स्वतःला सांगितलं. मॅडमचा आवाज हळू होता, आपलाही हळूच होता, आणि त्यांना तर समोर ओरडलेलंही धड ऐकू येत नाही.

"तिसरा बरा वाटला," बसमध्ये ते म्हणाले. "पण तुझं तू ठरव."

तुझं तू ठरव असं ते कधी म्हणत नसत. शाळेची पिशवी असो की नोकरी, बाबांचं मत न मागता मिळायचं आणि एकदा मिळालं की परत जायचं नाही. तिला हे जाणवलं. "बाबा, मगाशी दुकानात…" एवढं म्हणायला तिने तोंडही उघडलं. तेवढ्यात त्यांचा थांबा आला. घरी गेल्यावर बोलू, तिने ठरवलं. घरी पाहुणे होते. उद्या बोलू.

रविवारी सकाळी बाबा बाल्कनीत खुर्चीवर बसून पेन्सिलीला टोक काढत होते. आई आत जाऊन परत आली, तेवढ्यात सगळं संपलं होतं. टोक अर्धंच निघालं होतं.

त्या दिवसांत लोक येत राहिले, जात राहिले. मॅडमही आल्या, तिचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या. भिंतीवरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा होता. काळीभोर मिशी, भरलेले गाल. "रुबाबदार होते," मॅडम म्हणाल्या. ती खाली मान घालून बसली. आता सांगावं असं एकदा वाटलं. पण आपलं दुःख हलकं करायला दुसऱ्याला अवघडून टाकायचं का, असं तिने स्वतःला विचारलं. स्वतःला पटतील अशी कारणं शोधण्यात ती पहिल्यापासून हुशार होती.

तीन आठवड्यांनी आई त्यांचे कपडे आवरायला बसली. "त्या दिवशी दुकानातून आले ते जरा गप्पच होते," आई शर्टाची घडी घालत म्हणाली. "काही झालं होतं का गं?"

"काही नाही. बिजागऱ्या बघत होते."

"दमले असतील."

"हो. दमले होते."

मग आईने त्याच शर्टाच्या खिशातून पॉलिशपेपरचा तुकडा काढला. "बघ, तुझ्याच कामाचं दिसतंय." कागदाची पुढची बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. मागे बाबांचं ठसठशीत अक्षर होतं, फळीवर माप लिहावं तसं.

चांदीचा. ५०. मान ढिली.

सुटा. ५०. टेकू, बिजागरी नव्हे.

जाडा. ३१.

जाड्यापुढे दुसरं काही लिहिलेलं नव्हतं.

ती कागद घेऊन आतल्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेवर बसली. बाबांनी आयुष्यात एकही दार पन्नासच्या आधी सोडलं नव्हतं. एकदा ताप अंगात असताना एका गिऱ्हाइकाच्या घरी त्यांनी सत्तेचाळीसवर श्वास घ्यायला थांबून पुढचे तीन पूर्ण केले होते, ही गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगायचे. आणि इथे, हाडातून पसंत पडलेल्या बिजागरीवर, एकतीस. तिच्या लहानपणापासून ते तिच्या ओठांकडे बघूनच तिला ऐकत आले होते. त्यांचे डोळे मिटलेले आहेत असं तिने गृहीत धरलं होतं. ते कधी उघडले, तिने पाहिलंच नव्हतं. आता मात्र ऐकू आलं नसेल असं म्हणायची सोय राहिली नाही. त्यांना कळलं होतं. कळून त्यांनी तिची बाजू सांभाळली होती. तिचं 'नाही' खरं ठरावं म्हणून तिला 'ताई' म्हणून गेले होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. चांदीचा विकला गेला होता. जाडा तिथेच होता, ओरखड्यासकट, किंमत आणखी थोडी उतरलेली. विक्रेतीने तिला ओळखलं. "काका नाही आले?"

"गेले ते," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी."

विक्रेतीने चष्मा काढून पुसला. त्या दिवशी मॅडमशी बोलणं झालं तेव्हा हीच बाई काउंटरमागे उभी होती, हे मुलीला आत्ता आठवलं. दोघा बापलेकींना बोलत दारातून आत येताना हिने पाहिलं होतं, आणि तिचं 'नाही, नाही' हेही ऐकलं होतं. विक्रेतीने त्यातलं काहीच काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त लॅपटॉप पुढे सरकवला. "बघा ना. घाई नाही."

तिने झाकणाला हात घातला. "बत्तीस," ती पुटपुटली. मग वाटलं, पुटपुटून नाही चालणार. "तेहतीस," ती मोठ्याने म्हणाली. चौतीसला मागचं गिऱ्हाईक वाकून बघू लागलं. चाळीसला तिने वाकून बिजागरीला गाल लावला. थंडगार धातू. कुरकुर नव्हती. एक संथ, घट्ट, एकसारखी ओढ होती, चांगलं बसवलेलं दार मिटताना असते तशी. पन्नास झाल्यावर तिने पॉलिशपेपर काढला आणि एकतीससमोर पेनाने लिहिलं, १९. विक्रेतीने काही न विचारता लॅपटॉप खोक्यात घातला.

सोमवारी ऑफिसात तिने तो टेबलावर तंबूसारखा उभा केला आणि हस्तलिखित उघडलं. पान तिच्या नजरेसमोर ताठ उभं राहिलं. मान वाकवावी लागली नाही. दुपारी मॅडम टेबलाशी आल्या. मुखपृष्ठाचं काम करणारा चित्रकार आणि हिशेबनीसबाईही मागे होत्या.

"घेतलास का शेवटी! हाच ना तो?" मॅडम हसल्या, तिचा मूड जरा सुधारावा म्हणून. "अगं, त्या दिवशी दुकानात ते म्हातारे होते बघ. याला गाल लावून पाढे म्हणत होते. मी घरी सांगितलं तर सगळे हसून बेजार! कोण होते कुणास ठाऊक."

चित्रकार हसला. "पाढे? लॅपटॉपला?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, पुढची गंमत तीच सांगणार म्हणून. हसून सोडून द्यायला काहीच लागणार नव्हतं, मान हलवली असती तरी पुरलं असतं. तिचा हात झाकणावर होता. बिजागरीने त्याला तसंच धरून ठेवलं होतं, खाली पडू देत नव्हती.

"ते माझे वडील," ती म्हणाली.

आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला, थेट बाबांसारखा. पलीकडच्या खोलीत कुणीतरी टायपायचं थांबलं.

"सुतार होते. हा माझ्यासाठी बघायला माझ्याबरोबर आले होते. तुम्ही मला विचारलंत आणि मी नाही म्हणाले." तिने श्वास घेतला. "आणि त्यांना ते ऐकू आलं होतं."