मागच्या शिवणीतली माया

डॉक्टर म्हणतात, साखरेनं ह्यांचे डोळे घेतले. डॉक्टर शिकलेला माणूस, त्यांच्याशी कोण वाद घालणार? पण साखर एकटी नव्हती. तिच्या जोडीला मी होते, सुईदोरा घेऊन.

मी शिवणकाम करते. एकतीस वर्षं झाली. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीपाशी कापायचं टेबल, आणि गळ्यात टेप. टेपेची इतकी सवय की भाजी आणायला गेले तरी ती गळ्यातच राहते, लोक हसतात. हसतील त्यांचे दात दिसतील. आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. गल्लीच्या तोंडाशी दुकान. दुकान कसलं, कपाटच म्हणा. एक खुर्ची, एक टेबल, एक दिवा, आणि भिंतीवर पन्नास घड्याळं. त्यातली दोन सारखी वेळ दाखवतील तर शपथ.

आमचं जमलं तेच मुळी मापं घेताना. हे पँट शिवून घ्यायला आले होते. मी टेप लावली आणि म्हटलं, "कंबर बत्तीस." तर हे म्हणतात, "दातही बत्तीस आहेत, मोजणार का?" असल्या बाष्कळ विनोदावर मी हसले आणि तिथेच फसले. लग्नाची पँट मीच शिवली, तपकिरी कापडाची. कापताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात, उद्या माणूस अंगानं भरला तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्या जास्तीच्या कापडाला आमच्या धंद्यात माया म्हणतात. पँटीला मागे दोन इंच माया पुष्कळ झाली. मी तीन सोडली. नवी नवरी होते, हात सैल होता.

आता ह्या बत्तीसचं एवढं काय कौतुक, तेही सांगते. शाळेत असताना हे गोल गरगरीत होते. पोरं "भोपळा" म्हणायची, मास्तरसुद्धा म्हणायचे. पंधराव्या वर्षी ह्यांनी हट्टानं उपाशी राहून स्वतःला वाळवलं. एकदा चक्कर येऊन शाळेच्या पायरीवर आपटले, हनुवटीवर अजून खूण आहे. तेव्हापासून बारीक असणं म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. "पोट काय, खाल्लं की येतं, गेलं की जातं," म्हणायचे. "पँट खोटं बोलत नाही."

आणि खाणं कसं, तर सकाळी पोटात काही नाही, नुसता चहा, चार चमचे साखरेचा. मग दुकानात दर तासाला तसलाच. टेबलाच्या खणात एका डबीत स्क्रू, दुसरीत स्प्रिंगा, तिसरीत क्रीमची बिस्किटं. दुपारचा डबा काम करता करताच, एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, तोंडात काय जातंय ते पोटालाच ठाऊक. वर रंगीत पाण्याची थंड बाटली. आणि घरी आले की दिवसभराची भूक एकदम. भाताचा ढीग, तळलेले बटाटे, शेवटी काहीतरी गोड. ताटात हिरवं पान दिसलं की, "मी काय शेळी आहे?" जेवले की आडवे. वाढणारी कोण? मीच. "एवढंसं कशाला उरवता? खाऊन माजावं, टाकून माजू नये." आईचं हे वाक्य मी रोज ऐकवायचे. आम्हाला मूलबाळ नाही. ताटात वाढायला माणूस एकच होता, मग त्याच्यावरच सगळा जोर.

लग्नानंतर चौथ्या वर्षी एक दिवस पँटीचा हूक लागेना. ह्यांनी श्वास ओढून लावला, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. बिस्किटांची डबी कचऱ्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीत भिंतीला धरून उभे होते, पाय लटपटत होते, आणि तरी मला म्हणाले, "भोपळा नाही व्हायचं मला." हे दुकानात गेल्यावर मी दुपारी पँट घेतली, मागची शिवण उसवली, अर्धा इंच माया सोडली, पुन्हा शिवून इस्त्री फिरवली. दुसऱ्या दिवशी हूक अलगद लागला. "बघ!" म्हणाले, "गॅस होता नुसता." आणि त्या दिवशी दोन वेळा भात मागून घेतला. मी इतकी खूश झाले की स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग काय, चटकच लागली. वर्षाकाठी कधी अर्धा इंच, कधी पाऊण. माया संपली तेव्हा त्याच कापडाचा उरलेला तुकडा ट्रंकेतून काढून दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडल्या, अशा की खुद्द मला शिवण शिकवणाऱ्या बाईलाही दिसल्या नसत्या. नवीन पँटी तर मीच शिवायची, तिथे काय, कापतानाच मोठ्या. मापांच्या वहीत ह्यांच्या पानावर मात्र एकच आकडा, बत्तीस. झाकली मूठ सव्वा लाखाची. माणसाला स्वतःचं पोट कळत नाही का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारते. अर्धंमुर्धं कळत असेलही. पण शंका आली की हे लग्नाची पँट चढवायचे, हूक लावायचे, आणि शंका जायची. ती शंका मी शिवून टाकत होते.

चौदा वर्षांपूर्वी बाजारात तपासणी शिबिर आलं. दुकानदार सगळे बसून काम करणारे, म्हणून. एका टेबलाशी नर्सबाई फॉर्म भरत होती. वय किती, घरात कुणाला मधुमेह, जेवणात भाजी-फळं असतात का, चालता किती, कंबर किती. गुण जास्त भरले तर रक्त तपासायला पलीकडच्या टेबलाकडे. समोर रांगेत सगळा बाजार, चहावाला, चपलावाला, कुलपंवाला. हे छाती काढून म्हणाले, "लग्नाची पँट घातलीये बाई, ही बघा! दात दोन गेले, पण कंबर बत्तीस ती बत्तीस."

नर्सबाईनं वर बघितलं, मग शेजारी उभ्या माझ्या गळ्यातल्या टेपेकडे. शहाणी होती. म्हणाली, "माझी टेप कुणीतरी पळवली. तुम्ही शिवता ना? मोजून सांगा बरं."

टेप माझ्या गळ्यात. कंबर माझ्यासमोर. एक्केचाळीस, मला न मोजता माहीत होतं, पंधराच दिवसांपूर्वी पट्टी वाढवली होती. मागे चपलावाला हसत उभा. ह्यांनी हात वर केले, पोर मापं द्यायला उभं राहतं तसे, आणि माझ्याकडे बघून हसले. मी टेप लावली. पुढे दोन्ही टोकं माझ्या मुठीत होती, कुणाला काही दिसत नव्हतं.

"बत्तीस," मी म्हटलं.

नर्सबाईनं एकदा ह्यांच्या पोटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पण शिवणारी बाई स्वतः सांगतेय, आणि मागे तीस माणसं खोळंबलेली. तिनं आकडा लिहिला. गुण कमी भरले, रक्ताचं टेबल टळलं. येताना ह्यांनी कोपऱ्यावर हातगाडी लावणाऱ्याकडून केकचे दोन तुकडे घेतले. एक मला. मी खाल्ला.

पुढं ह्यांना तहान लागायला लागली. मी म्हटलं उन्हाळा आहे. हिवाळ्यात लागली तेव्हा काही म्हटलं नाही. पायाला चिमट्याचा ओरखडा झाला तो दोन महिने भरेना. मग घड्याळात धूळ दिसायला लागली. "हल्ली कंपन्या झाकण बंद करतानाच आत कचरा ठेवतात," म्हणायचे. भिंग तीनदा बदललं, दिवा दोनदा. एक दिवस एक बाई तिच्या मुलीचं घड्याळ परत घेऊन आली. आतली केसाएवढी स्प्रिंग ह्यांनी वाकडी बसवली होती. बाई काही वाईट बोलली नाही. ती गेल्यावर हे मला म्हणाले, "अगं, धूळ घड्याळात नाहीये. माझ्या डोळ्यात काळं काहीतरी तरंगतंय."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले, बराच वेळ आत बघितलं, आणि तिथल्या तिथे बोटातून रक्त घेतलं. साखर चारशेच्या घरात. आत पडद्यावर रक्त उतरलेलं.

"दहा-बारा वर्षं तरी अंगात असणार," डॉक्टर म्हणाले. "कधीच तपासलं नाही?"

"तपासलं की! शिबिरात. बत्तीस कंबर, काही भीती नाही म्हणाले." आणि अभिमानानं माझ्याकडे मान वळवून, "हिनंच मोजली होती. ही चुकत नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी फरशीकडे. मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. पोटावर साठलेली चरबी, दिवसभराचा गोड चहा, बाटल्या, एकदम पोट फुटेस्तोवर जेवण आणि हालचाल शून्य. ह्यातूनच धोका वाढत जातो. तेव्हा कळलं असतं तर खाणं बदलून, रोज चालून कदाचित लांबवता आलं असतं. "टळलंच असतं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण डोळे वाचले असते."

इंजेक्शनं झाली, लेझर झालं. बैल गेला आणि झोपा केला. एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्यात धुकं. हात दिसतो, बोटं मोजता येत नाहीत. दुकान आवरलं. भिंतीवरची घड्याळं ज्याची त्याला परत गेली. खाणं मी बदललं, आता ताटात अर्धी भाजी असते, आणि हे शेळीचा विनोदही न करता खातात. तो विनोद ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

वर्षभरात अंग उतरलं. पँटी कमरेवरून घसरायला लागल्या. "आत घे," म्हणाले. "आणि मला बसून बसून वीट आलाय, उसवायचं काम दे. बोटं अजून माझीच आहेत."

मी जुन्या पडद्यांची शिवण दिली उसवायला. एका माणसाचं माप घ्यायला दारात गेले, परत आले तर ह्यांच्या मांडीवर लग्नाची पँट. आत घ्यायच्या पँटींच्या ढिगातून हाताला लागली असणार. मागची शिवण उलटी करून हे अंगठा फिरवत होते. सुईची भोकं जुन्या कापडात बुजत नाहीत हो. ज्या बोटांनी आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्यांना ती काय लपणार?

"सहा रेघा आहेत," म्हणाले. "आणि बाजूला कापड जोडलंय."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"शिबिरात किती होती?"

"एक्केचाळीस."

"टेप तर तुझ्याच हातात होती."

"हो."

"एकदा सांगायचं गं," म्हणाले. "चिडलो असतो. चार दिवस जेवलो नसतो. दुसरं काय झालं असतं?"

मला रडू फुटलं. हे रडले नाहीत. उठून उभे राहिले, हात वर केले. "मोज. आत्ता."

मी टेप लावली. दोनदा मोजली. दोन्ही वेळा तेच, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही.

"बत्तीस."

ह्यांचे हात हळूहळू खाली आले. "खरं सांग."

"खरंच बत्तीस. तुमची शपथ!"

ह्यांनी टेप माझ्याकडून घेतली, बोटांत धरून टोकापासून चाचपत गेले. छापलेल्या आकड्यांचं हाताला काय लागणार? मी टेप परत घेतली, जाड दोरा ओवला, आणि रडत रडतच दर इंचाला एक टाका घालून गाठ मारली. बत्तीसच्या पुढेही, पार साठपर्यंत, म्हणजे मी तिथेच थांबले असं वाटू नये. दोन तास लागले. मग टेप ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती स्वतःच कमरेभोवती घेतली, जिथे टोक येऊन मिळालं तिथे नखानं खूण धरली, आणि एक एक गाठ मोजत आले. तीस. एकतीस. बत्तीस.

"बत्तीस," ह्यांनी स्वतःशीच म्हटलं.

मी डोळे पुसले. मला वाटलं, आता तरी.

हे त्या शेवटच्या गाठीवर अंगठा फिरवत राहिले. आवाजात राग नव्हता, नुसतं विचारलं, "गाठी तूच मारल्यास ना?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

"हं," म्हणाले, आणि टेप घडी करून माझ्या हातात दिली.