दुसरा खड्डा

"माझं पोट जरा बिघडलंय," म्हणत माझ्यासोबत शिकवणाऱ्या शाहिदाने ताट सरकवलं.

आमच्या बेटावरच्या बा नावाच्या गावात, शाळेमागे, लोवो म्हणजे जमिनीतली भट्टी नुकतीच उघडली होती. तापल्या दगडांच्या खड्ड्यात तळाला डुकराचं मांस, मध्ये कसावा आणि वर वेगळ्या टोपलीत कोंबडी. कोंबडी मुसलमान खाटकाकडची, मेरेसेनी मॅडमनी स्वतः आणलेली. शेजारपाजारचे धर्म मुलांना कसे समजावावेत, हे त्या नऊ वर्षं आम्हा शिक्षकांना शिकवत होत्या. दर वर्षी एक वर्ग आणि त्या दिवशी लोवो; हा त्यांचा शेवटचा. त्या कोंबडीचा त्यांना अंमळ अभिमानच होता.

सकाळी त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं, 'अंदाज बांधू नका, विचारा.' नव्या आपिसाई मास्तरने ते फारच मनावर घेतलं.

"शाहिदाबाई, तुमचं पोट म्हणे दर वर्षी याच दिवशी बिघडतं. का हो?"

"गप जेव की."

"नाही, सांग," मॅडम म्हणाल्या.

शाहिदा ओशाळली. "एकाच खड्ड्यात शिजतं ना, मॅडम. खालच्या चरबीची वाफ वर लागते. आम्हाला नाही चालत."

"नऊ वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही एवढ्या प्रेमाने करता. कसं बोलायचं? बसमध्ये रोटी खायचे मी."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं मॅडमना म्हणणं अन्यायाचं होईल. पण त्यांचा चेहरा पाहवेना. कुणीतरी म्हणालं, देव भाव बघतो. मॅडमनी ऐकलंच नाही. त्या उठल्या, फावडं घेतलं आणि आंब्याखाली खणायला लागल्या.

"मॅडम, या वयात? द्या इकडे," आपिसाई धावला.

"तू त्याच खाटकाकडून नवी कोंबडी आण. आणि शाहिदा, तू इथे उभी राहा. चुकलं की लगेच टोकायचं. पोटदुखी सांगायची नाही."

शाहिदाने टोकलं. टोपली नवी हवी, चिमटा धुतलेला हवा. साठीची बाई मान डोलवत ऐकत होती. दुपारचा वर्ग त्या खड्ड्याभोवतीच झाला आणि माझ्या मते नऊ वर्षांतला तोच सगळ्यात चांगला.

साडेचारला नव्या खड्ड्यावर झाकलेली केळीची पानं उघडली. शाहिदाचं होईपर्यंत मॅडमनी घास घेतला नाही. त्या नुसत्या बघत बसल्या. शाहिदा पार हाडं चोखून खाणारी बाई आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.