अंगठ्याखालचे चौदा सेंटिमीटर

मित्रांनो, तो शनिवार नेहमीसारखाच उजाडला होता. आनंदाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी, त्यांच्या लेकीची, रुख्मिणीची, पाचवीतली जुनी लाकडी फूटपट्टी, तिच्या बाबांच्या, नानाजींच्या मांडीवरच्या नकाशाच्या पुस्तकावर आडवी होते. माझं शून्य मुंबईवर, चौदाचा आकडा नागपूरवर.

शाळा संपल्यावर कित्येक वर्षं मी फळीवर धूळ खात पडले होते. मग रुख्मिणीला मुंबईत नोकरी लागली आणि १९८० साली ती पहिल्यांदा विमानाने नागपूरला आणि तिथून एसटीने घरी, पुलगावला आली. नानाजींचा जन्म गिरणीत गेला; त्यांना रस्ता म्हणजे रेल्वेचाच ठाऊक. त्यांनी नकाशातल्या रुळांवरून दोरा फिरवून अंतर काढलं, सतरा सेंटिमीटर. रुख्मिणी खूप हसली.

"बाबा, विमान भुसावळवरून वळण घेत नाई. सरळ येते."

तेव्हा त्यांनी मला शोधून काढलं. चौदा सेंटिमीटर म्हणजे सातशे किलोमीटर, म्हणजे सत्तर मिनिटं. सेंटिमीटरला पाच मिनिटं.

विमान सुटायच्या वेळी ते माझ्यावर अंगठा ठेवत आणि दर पाच मिनिटांनी एक घर पुढे सरकवत. अंगठा उचलला तर विमान खाली येईल, अशी त्यांची समजूत होती. त्यांचा घाम माझ्यात मुरत गेला, आणि भीतीही.

त्या शनिवारी विमान उशिरा सुटलं होतं, पण ते आमच्या घरी कोण सांगणार? अंगठा नागपूरला पोहोचला. तिथून येणाऱ्या एसटीची वेळही टळली. रुख्मिणी आली नाही. नानाजींनी अंगठा न उचलता मुंबईपर्यंत मागे नेला आणि पुन्हा निघाले.

"जेवून घ्या," आनंदाबाई म्हणाल्या. "तुमच्या अंगठ्यावर उडून राह्यलं काय ते?"

"तू चूप बस."

तिसऱ्या खेपेला नागपूर जवळ आलं आणि दारात चपला वाजल्या. नानाजींनी घाईने पुस्तक मिटून मला आत दडवलं.

"काऊन घाबरता, बाबा? एसटीपेक्षा बरं असते."

"मी कुठं घाबरलो?"

सोमवारी ती परत निघाली. विमान बाराचं. नागपूरच्या चौदावरून मागे सरकत साडेबाराला अंगठा आठवर आला आणि तिथेच राहिला. नानाजी भिंतीला टेकलेले होते, तसेच गेले. रुख्मिणी मुंबईत सुखरूप उतरली. तार तिच्यामागून पोहोचली.

दुसऱ्या दिवशी ती विमानानेच आली. त्या सत्तर मिनिटांत माझ्यावर कोणाचाही अंगठा नव्हता. इतकी मी कधीच भ्याले नव्हते.

तेरावा झाल्यावर आनंदाबाईंनी मला राखेने घासायला घेतलं. मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा डाग काढण्याआधी तो कशाचा आहे, एवढं विचारत जा. रुख्मिणीने विचारलं. आईने सगळं सांगितलं.

मग तिने नकाशा उघडला, मला त्यावर ठेवलं आणि आठच्या पुसट आकड्यावर आपला अंगठा टेकवला.

"मलेबी भेव लागे, बाबा," ती म्हणाली. "दर खेपेले."