पट्टीवरची तारीख

शुक्रवारी सकाळी गेशे राटयेनने भावाला जहाजांची लिफ्ट दाखवायला नेलं. बुधवारी नगरभवन आणि कलता मनोरा असलेलं योहानिस चर्च झालं होतं. गुरुवारी माळरानावर जाऊन मेंढ्यांची नुकती जन्मलेली कोकरं पाहून झाली होती. उद्या, शनिवारी, ल्युबेक. चार दिवसांचा कार्यक्रम तिने वेळांसकट कागदावर आखला होता आणि तो काटेकोर पाळत होती. त्यात ल्युनेबुर्गमधलं आणि आसपासचं पाहण्यासारखं सगळं होतं. फक्त गावाच्या पश्चिमेचं त्यांचं स्वतःचं घर नव्हतं.

लिफ्ट म्हणजे कालव्यातला पाण्याने भरलेला भलामोठा हौद. जहाज त्यात शिरतं, दार बंद होतं, आणि अख्खा हौद जहाजासकट दहा-बारा मजले वर जातो. हारो कठड्याला टेकून पाहत होता. चिलीत वाल्दिवियाला त्याचा होड्या दुरुस्त करायचा कारखाना होता, त्यामुळे पाण्यावर तरंगणाऱ्या कुठल्याही गोष्टीपुढे तो उभा राहिला की हलायचा नाही.

"वजन सारखंच राहतं बघ," तो म्हणाला. "जहाज आत आलं की आपल्या वजनाएवढं पाणी बाहेर हाकलतं. भरलेलं जहाज असो नाहीतर बदकाचं पिल्लू, हौदाला पत्ताही लागत नाही."

"शाळेत भौतिकशास्त्रात किती मिळायचे रे तुला?"

"ते नको काढूस. त्या मार्कांमुळेच तर चिलीला पळालो."

गेशे हसली. सत्तावीस वर्षांचा होता तो, जाताना. ती बावीसची. चव्वेचाळीस वर्षांत तो दोनदाच आला, वडील गेले तेव्हा आणि आई गेली तेव्हा. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परतला. मग गेल्या जूनमध्ये त्याचं पत्र आलं होतं. 'बायको गेल्यापासून इथे मन लागत नाही. मार्चमध्ये येतो. घर धड असेल तर राहीनच म्हणतो.' ते पत्र तिने इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद विरला.

"दुपारी घरी जाऊ या का?" हारोने विचारलं. "रंगारी काही मला खाणार नाहीत."

स्टेशनवर त्याला घ्यायला गेली तेव्हाच तिने सांगून ठेवलं होतं: घरात रंगकाम चाललंय, वासाने डोकं उठेल, चार दिवस माझ्या फ्लॅटवर राहा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून तो एकटा लांबवर चालत नव्हता, ते तिच्या पथ्यावर पडलं होतं.

"दुपारी मासळी," ती म्हणाली. "मार्च सरत आला. आता नाही खाल्लीस तर पुढच्या वर्षीच."

नदीकाठच्या खाणावळीत दोघंच बसतील असं खिडकीचं टेबल तिने सांगून ठेवलं होतं. वाढणारी फ्राउके तिच्या ओळखीची. गेशेने छत्तीस वर्षं औषधांच्या दुकानात काम केलं होतं, त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांची दुखणी तिला पाठ होती.

"मोइन, गेशे! हा कोण? या वयात नवरा गाठलास की काय?"

"भाऊ आहे. चिलीहून आलाय."

"तरीच. नाक एकाच साच्यातलं." फ्राउकेने बोटभर लांबीच्या तळलेल्या मासळीची रास दोघांमध्ये ठेवली, शेजारी बटाट्याचं सॅलड. या मासळीला कच्ची असताना काकडीसारखा वास येतो. तळली तरी त्याची आठवण राहते. हारोने पहिल्या माशाचं डोकं मोडून ताटाच्या कडेला ठेवलं आणि फ्राउके कमरेवर हात ठेवून थांबली.

"चिलीत डोकं टाकून खातात वाटतं?"

"सवय गेली हो, बाई."

"मग लावा परत. डोक्यापासून शेपटीपर्यंत. आमच्याकडे ताट मोकळं लागतं."

हारोने मुकाट डोकं उचलून तोंडात टाकलं. डोळे मिटून चावत राहिला. दहा-बारा मासे झाल्यावर त्याने बोटं पुसली आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "गेशे, मी ठरवलंय."

"काय?"

"काल त्या कोकरांपुढे उभा होतो ना, तेव्हाच ठरलं. रविवारचं विमान सोडून देतो. संध्याकाळी मारिसोलला फोन करून सांगतो. आईच्या वरच्या खोलीत मी राहीन, खाली तू ये. त्या डबीएवढ्या फ्लॅटमध्ये कशाला मरायचं? दोघं म्हातारे भांडत बसू."

चव्वेचाळीस वर्षं तिने हे वाक्य मनात त्याच्या तोंडी घालून पाहिलं होतं. आज तो आपणहून बोलला होता, तोंडाला तेल लागलेलं असताना, अगदी सहज.

तिच्या लक्षात आलं की आता काहीच करायचं नाहीये. फक्त संध्याकाळपर्यंत गप्प राहायचं. मारिसोल त्याची एकुलती एक लेक. तिला एकदा सांगितलं की हारो शब्द फिरवणार नाही, तो त्याचा स्वभावच नव्हता. मग उद्या घर दिसलं काय आणि न दिसलं काय. चिडेल, महिनाभर बोलणार नाही, पण इथेच राहील. हिशेब बिनचूक होता. तिने हातातला मासा ताटात ठेवला.

"कोट घाल," ती म्हणाली.

"अगं, अजून अर्धी रास आहे."

"घाल, हारो. घरी जाऊ."

मिखाएलिस चर्चच्या मागे रस्ता लाटेसारखा होतो. हजार वर्षं या गावाने पायाखालचं मीठ उपसून विकलं, आणि मिठाची जागा पाण्याने घेतली. तिथली जमीन अजून खचते आहे. दारं तिरपी कापलेली, उंबरे एका बाजूला झुकलेले. त्या भागातली माणसं सकाळी उठून आभाळाआधी भिंत बघतात. भिंतीला तडा गेला की त्यावर आडवी, वीतभर लांबीची प्लास्टरची पट्टी लावतात आणि खिळ्याने तिच्यावर तारीख कोरतात. पट्टी अखंड असेल तर भिंत थांबलेली. पट्टी चिरली की भिंत चालतेय, मग नगरपालिकेला कळवायचं. लहानपणी हारोनेच वडिलांना पट्टीसाठी प्लास्टर कालवून दिलं होतं.

वळणावर तो तिच्यापुढे झाला. गुडघा विसरून भराभर चालत गेला आणि मग थांबला.

दोन घरांच्या मध्ये मोकळी जागा होती. जमीन सपाट करून गवत पेरलेलं, ते जेमतेम उगवलेलं. शेजारच्या भिंतीला लाकडी टेकू लावलेले, आणि त्या भिंतीवर त्यांच्या जिन्याची नागमोडी खूण वर चढत गेलेली. सगळ्यात वर आईच्या खोलीतल्या हिरव्या भिंतकागदाचा एक तुकडा.

हारोने मान वर करून तो तुकडा पाहिला. मग म्हणाला, "रंगारी."

"ऑक्टोबरात उतरवलं," गेशे म्हणाली. "मी सगळं सांगते, मध्ये बोलू नकोस. मागच्या भिंतीवर पहिली पट्टी दोन वर्षं टिकली. दुसरी सात महिने. तिसरी एप्रिलमध्ये लावली, ती जूनमध्ये चिरली. तुझं पत्र येऊन चार दिवस झाले होते. कळवलं असतं तर त्यांनी घराला कुलूप लावायला सांगितलं असतं. तपासनीस सप्टेंबरात यायचा होता. मी चिरलेली पट्टी खरवडून काढली, नवी लावली आणि तिच्यावर एप्रिलचीच तारीख कोरली."

"तू?"

"मी."

"गोळ्यासुद्धा दोनदा मोजायचीस तू."

"हो. त्याने पट्टी पाहिली, अखंड होती, वहीत लिहून घेतलं आणि गेला. तीन आठवड्यांनी भिंत फुगली. भाडेकरू आधीच गेले होते, तेवढं एक बरं. जूनमध्ये कळलं असतं तर लोखंडी पट्ट्यांनी आवळून घर धरता आलं असतं, असं तो म्हणाला."

"त्याला कसं कळलं?"

"मीच सांगितलं."

"त्याला सांगितलंस." हारो वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आणि मला कोकरं दाखवत हिंडलीस!"

समोरच्या घराची खिडकी उघडली, एका बाईने डोकावून पाहिलं आणि खिडकी हळूच लावून घेतली.

"तू लिहिलं होतंस, घर धड असेल तर," गेशे म्हणाली.

तो गवतावर उतरला. जिथे दार होतं तिथून त्याने पावलं मोजायला सुरुवात केली, स्वयंपाकघरापाशी वळला, मागच्या भिंतीच्या जागी थांबला. ती रस्त्यावरच उभी राहिली. परत आला तेव्हा त्याच्या बुटांना चिखल लागलेला होता आणि राग बराचसा उतरला होता. त्याच्या जागी जे आलं होतं ते तिला जास्त जड गेलं.

"मी घरासाठी येत होतो, गेशे."

"माहीत आहे."

"तुझ्यासाठीही. पण घरासाठी जास्त. तिकडे रात्री झोप येत नाही तेव्हा मी या जिन्यावरून वर जातो. रोज. सांगायला बरं वाटत नाही, पण त्या जिन्यावर तू नसतेस."

"माहीत आहे," ती पुन्हा म्हणाली. हे मात्र तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी त्याने फोन केला. गेशे स्वयंपाकघरात कॉफीची भांडी पुसत होती. दार उघडंच होतं. तो स्पॅनिश बोलत होता, आणि ती भाषा तिला येत नव्हती. त्या भाषेत त्याचा आवाज निराळाच होता, जास्त भरभर, जास्त उबदार. मध्ये एकदा तो हसला. कशाला हसला असेल, याचा तिला अंदाजही करता येईना. तो राहतोय की जातोय हे शब्दांवरून कळायचा मार्ग नव्हता, म्हणून ती आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करत होती, आणि एकच बशी पुन्हा पुन्हा पुसत होती. शेवटी तिला एक शब्द ओळखू आला. 'दोमिंगो'. औषधांच्या दुकानात कधीतरी आलेल्या एका खलाशाने शिकवला होता. रविवार.

हारो दारात येऊन उभा राहिला.

"रविवारी जातो मी."

"बरं."

"तुझ्यावर चिडून नाही. चिडलोय, पण म्हणून नाही. इथे मी कुठे राहू? या गावात मला एकच पत्ता ठाऊक होता."

"इथे," असं ती म्हणणार होती. हा फ्लॅट, ही खुर्ची, तो पलंग. पण त्याने विचारलेलं ते नव्हतं, आणि तिच्या उत्तराने त्याला झोप लागली नसती. तिने बशी मांडणीवर ठेवली.

"उद्याची ल्युबेकची तिकिटं काढलीस?" त्याने विचारलं.

"काढलीत. नऊ वाजून बारा."

"मग जाऊ. मारिसोलला तिथली बदामाची मिठाई हवीय, मार्झिपान. न नेता गेलो तर घरात घेणार नाही."

सकाळी गाडीत दोघं समोरासमोर बसले. शेतांवर धुकं होतं. लाउएनबुर्गला गाडीने एल्बेचा पूल ओलांडला. मग हारो खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला, "उतरवलं तेव्हा तू होतीस तिथे?"

"तिन्ही दिवस."

"आधी काय काढलं?"

"कौलं. हातांनी काढली, एकेक करून. खाली साखळी करून उभे होते. आईच्या खोलीच्या वरचं एक कौल त्यांना निघेना."

"मग?"

ती सांगू लागली. वासे कसे आवाज करत होते, स्वयंपाकघराच्या फरशीखाली काय सापडलं, दुपारी सगळे भिंतीला टेकून डबे खात होते तेव्हा ऊन कुठे पडलं होतं. तिला सगळं क्रमाने आठवत होतं. तो ऐकत होता की नाही हे दिसत नव्हतं, काचेत फक्त त्याच्या कपाळाचं प्रतिबिंब होतं. रात्सेबुर्गपाशी तळं दिसलं तेव्हा ती थांबली, त्याला तळं पाहू द्यावं म्हणून.

"थांबू नकोस," हारो म्हणाला. "जिना कधी काढला?"