गोदामाचा रकाना

"राष्ट्राचं भवितव्य आईच्या उदरात घडतं!" असं म्हणून संचालक साहेबांनी टेबलावर हात आपटला आणि बैठकीला सुरुवात झाली. वाक्य दणदणीत होतं, यात वाद नाही. गेल्या महिन्यात सांडपाण्याच्या बैठकीत ते याहूनही दणदणीत वाटलं होतं. तिथे राष्ट्राचं भवितव्य गटाराच्या उतारात घडत होतं. साहेबांनी मग पुढ्यातला कागद उचलला, उलटा धरला, सुलटा केला आणि शेजारी बघून हळूच विचारलं, "बरं, आज काय आहे?"

आज काय आहे हे त्या खोलीत फक्त ताईंना नीट माहीत होतं. ताई म्हणजे योजनांच्या खर्चाचा अंदाज बांधणाऱ्या अधिकारी. योजना साधी होती. गरोदर बाईला सध्या मिळते त्या गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल एवढंच असतं. त्याऐवजी जीवनसत्त्वं, जस्त, आयोडीन वगैरे मिळून पंधरा गोष्टींची एक गोळी द्यायची. बाई पहिल्या तपासणीला आली की एकशेऐंशी गोळ्यांची बाटली तिच्या हातात ठेवायची, म्हणजे दर महिन्याला रांगेत उभं राहायला नको. देशभर. बस.

या 'बस'ला सव्वीस महिने लागले होते. सकाळी सासूबाईंनी डबा हातात देताना तेवढंच विचारलं होतं, "आज तरी होतेय का मोकळी तुझी फाइल? अगं, हत्तीणसुद्धा बाविसाव्या महिन्यात सुटते."

ताई स्वतः आठव्या महिन्यात होत्या आणि सोमवारपासून रजेवर जाणार होत्या. आज सही झाली नाही तर फाइल 'फेरविचारासाठी' वित्त खात्याच्या कपाटात जाणार, महिनाअखेरीला वर्ष संपणार, कंपनीने दिलेला भाव रद्द होणार आणि सगळं पुन्हा श्रीगणेशापासून. म्हणजे आणखी एक वर्षभर, तपासणीच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसलेल्या त्या पांढऱ्याफटक बायकांना 'चक्कर येते' असं सांगितल्यावर 'येतेच' एवढं उत्तर मिळत राहणार. ताईंनी त्या बाकावर बसून अंदाज बांधला होता. त्यामुळे त्यांना तो कागदावरचा आकडा वाटत नसे, ही त्यांच्या नोकरीतली मोठीच अडचण.

समोर वित्त खात्याचे उपसचिव बसले होते. त्यांना तोंडावर भाऊसाहेब आणि पाठीमागे कात्री म्हणत. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. त्यांनी चष्मा लावला.

"ताई, गोदामाचा रकाना कोरा आहे."

"गोदाम लागतच नाही, भाऊसाहेब. बाटली आरोग्य केंद्रातून थेट घरी जाते."

"मग रकाना का आहे?"

आता हा रकाना कुठून आला ते सांगायला हवं. या कार्यालयात नव्या योजनेचा तक्ता नवा करत नाहीत. मागच्या योजनेचा तक्ता उघडायचा, मथळा खोडायचा, नवा मथळा घालायचा आणि जय म्हणायचं. मागची योजना मच्छरदाण्यांची होती. मच्छरदाणी पाच वर्षं टिकते, त्यामुळे पहिल्या मसुद्यात देशातली प्रत्येक बाई पाच वर्षं गरोदर होती. तो मसुदा तीन टेबलांवरून सह्या होऊन पुढे गेला. चौथ्या टेबलावर ताईंनी कपाळाला हात लावून तो परत आणला. भोकं पडण्याची टक्केवारी त्यांनी काढली, दोरी काढली, खिळे काढले. गोदाम मात्र निघेना.

"रकाना काढून टाकते मी," ताई म्हणाल्या.

"रकाना काढायला नमुना समितीची मंजुरी लागते," कात्री म्हणाले. "समिती पावसाळ्यानंतर बसते."

"मग शून्य लिहिते."

"शून्य म्हणजे साठा नाही. साठा नाही म्हणजे गोळ्या नाहीत. गोळ्या नाहीत तर पैसे कशाचे?"

ताई पाणी प्यायल्या. संचालक साहेबांनी 'मुद्दा आहे' अशा अर्थाने मान हलवली. ती मान ते दोन्ही बाजूंकडे बघून हलवत, म्हणून तर ते संचालक झाले होते.

"आणि दुसरं," कात्रींनी पान उलटलं. "समजा एक बाई माघात गरोदर राहिली."

"राहू द्या."

"राहू द्या काय? ती बाळंत होईपर्यंत आर्थिक वर्ष बदललं! आता ती कुठल्या वर्षात धरायची? अर्धी गरोदर यंदा आणि अर्धी पुढच्या वर्षी, असं खर्चात दाखवता येत नाही."

"अहो, पण बाटली यंदाच दिली ना! खर्च यंदाच झाला. ती गोळ्या पुढच्या वर्षी गिळेना का."

"गिळेपर्यंत तो साठाच," भांडारप्रमुख काका पहिल्यांदाच बोलले. काकांचा सगळा जन्म कुलपं लावण्यात आणि उघडण्यात गेला होता. माणूस भला, पण जगात फक्त दोनच प्रकारच्या वस्तू असतात, मोजलेल्या आणि मोजायच्या, अशी त्यांची श्रद्धा होती. "आणि वर्षअखेरीला साठा मोजायचा नियम आहे, ताई. माझी माणसं काय घरोघरी जाऊन बायकांच्या फळीवरच्या गोळ्या मोजणार?"

"नका मोजू!"

"असं कसं? नियम आहे."

इथे साहेबांना एक कल्पना सुचली. साहेबांना कल्पना सुचली की खोलीतले जुने लोक आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "वर्षाच्या शेवटच्या दिवशी सगळ्या गरोदर बायकांनी उरलेल्या गोळ्या केंद्रात जमा करायच्या. काका मोजतील. दुसऱ्या दिवशी नवं वर्ष लागलं की त्याच गोळ्या परत न्यायच्या!"

"वा," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

"साहेब," ताई म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम खाली ठेवला होता, वर गेला असता तर छताला लागला असता. "आठव्या-नवव्या महिन्यातली बाई. डोंगरातल्या वस्तीवरून खाली यायचं, बाटली द्यायची, घरी जायचं. दुसऱ्या दिवशी परत खाली यायचं, बाटली घ्यायची, परत वर. कशासाठी?"

"मोजणीसाठी," काका म्हणाले.

"तिला येण्याजाण्याचं भाडं द्यावं लागेल," कात्री एकदम सावध झाले. त्यांनी कागदाच्या कडेला भराभर काहीतरी लिहिलं, त्याखाली रेघ ओढली आणि चेहरा कडू केला. "छे छे! भाडं गोळ्यांपेक्षा जास्त होतंय. त्यापेक्षा गोदामच बांधा. नाहीतर असं करू, फेरविचाराला ठेवू. ताई रजेवरून आल्या की शांतपणे—"

फेरविचार हा शब्द ऐकला आणि ताईंचा सव्वीस महिन्यांचा संयम खुर्चीवरून उठून निघून गेला. ताई मात्र बसूनच राहिल्या.

"थांबा, भाऊसाहेब! गोदाम हवंय ना तुम्हाला? लिहा. गोदामाचा पत्ता, प्रत्येक बाईचं घर. भांडारपाल कोण, तर तीच बाई! साठा कुठे, तर मीठ-साखरेच्या डब्यांशेजारी! मोजणी कोण करणार, तर तीच. रोज रात्री एक गिळणार, म्हणजे रोज एक कमी. झालं तुमचं समाधान? लिहा ना! का माझ्याही घराला टाळं ठोकून देऊ?"

चहा आणणारा दारातच थांबला. ताईंना वाटलं, संपलं. आता रजाही जाईल आणि फाइलही.

कात्रींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"भांडारपालाला पगार?"

"काय?"

"या भांडारपालाला पगार काय द्यायचा?"

"काही नाही," ताई चाचरत म्हणाल्या.

"गोदामाचं भाडं?"

"नाही."

"रखवालदार?"

"सासू असते घरात."

"रजा?"

"भाऊसाहेब, त्या कामाला रजा नसते."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!" कात्री इतके खूश झालेले त्या इमारतीत कुणी पाहिले नव्हते. "गोदाम आहे, भांडारपाल आहे, रखवालदार आहे आणि खर्च शून्य! याला म्हणतात नियोजन. सव्वीस महिने उगाच घालवलेत, ताई तुम्ही."

काकांनी तेवढ्यात एक शंका काढलीच. "आणि गोळ्या कमी भरल्या तर जबाबदार कोण?"

"तीच," कात्री म्हणाले. "तिला मानद म्हणा. मानद माणसाची चौकशी लावता येत नाही."

काकांना हे पटलं. त्यांनी स्वतःच्या हाताने रकाना भरला: 'गोदाम – लाभार्थीचे राहते घर. भांडारपाल – लाभार्थी (मानद).' अशा रीतीने देशातल्या तमाम गरोदर बायका, त्यांना न विचारता, सरकारी भांडारपाल झाल्या. कात्रींनी सही केली. मग साहेबांनी केली, तीही वळणदार, दोन रेघा ओढून.

ताई सहीकडे बघत राहिल्या. शाई ओली होती. बाटल्या निघणार होत्या. माघातल्या बायांना, पौषातल्या बायांना, सगळ्यांना मिळणार होत्या. हसावं, रडावं की उठून भाऊसाहेबांचा चष्मा लपवावा, हे त्यांना ठरवता येईना.

प्रसिद्धी खात्याचा छायाचित्रकार आत आला. साहेबांनी कोटाचं बटण लावलं.

"हा क्षण ऐतिहासिक आहे," ते म्हणाले. "मातृशक्तीच्या सन्मानार्थ आपण सगळे उभे राहू!"

खुर्च्या सरकल्या. कात्री उभे राहिले, काका उभे राहिले, चहावालाही ट्रे सांभाळत ताठ झाला. छायाचित्रकाराने यंत्र डोळ्याला लावलं आणि खाली घेतलं.

"मॅडम, तुम्ही पण. तुमच्याशिवाय कसं?"

सगळे ताईंकडे वळून बघू लागले.

"उभी राहते हो," ताई म्हणाल्या. "पण पाय सुजलेत म्हणून मी चप्पल काढून बसले होते, आणि डावी कुठेतरी भाऊसाहेबांच्या खुर्चीखाली गेलीय. मला वाकता येत नाही. कुणी तेवढी पायाने इकडे ढकलता का?"