एका हाताने निघेल असा चाकू

मालकाने मला फोनवर बसवायचं ठरवलं, ते मला न विचारता. ताडपत्रीच्या काठाला रिंगा ठोकायच्या मशीनने माझ्या डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं नेली. जखम भरली, पट्टी सुटली आणि मी ताडपत्रीच्या कारखान्यात परत गेले, तर माझ्यासाठी टेबल मांडून ठेवलेलं. सगळे असे बघत होते जसं काही मला बक्षीसच लागलंय.

"बस आता आरामात," मालक म्हणाला. "गिऱ्हाइकांचे फोन घे. ट्रकवरचं काम दोन हातांचं आहे."

मशीनवर मी अधूनमधूनच बसायचे, ट्रकवरचं काम माझं होतं. भरलेल्या ट्रकच्या माथ्यावर ताडपत्री पसरायची, दोर ताणायचे, बांधायचे, जादाचे कापायचे. ते मला कुणाच्या दयेने मिळालेलं नव्हतं, मग दयेने का सोडायचं?

"शनिवारी एक ट्रक मला द्या," मी म्हटलं. "ढिला बांधला तर मी मुकाट्याने तुमच्या फोनवर बसते."

मालक हसला आणि हो म्हणाला. हरणारच आहे अशा माणसाला हो म्हणायला काय जातं? कारखान्यात तोवर माझं नाव 'दीड हात' पडलं होतं. नावं ठेवण्यात आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

गाठींचं मी घरी पलंगाच्या पायावर जमवून टाकलं. उरलेल्या दोन बोटांनी दोर अडवायचा, गुडघ्याखाली दाबायचा, उजव्याने गाठ ओढायची. घोडं अडलं ते चाकूपाशी. आमच्यातल्या प्रत्येकाच्या खिशात घडीचा चाकू असतो. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्याने पातं उघडायचं. कामावर घालायचा हातमोजा घालून मी तो एकट्या उजव्याने उघडायला गेले, तर चाकू पलंगाखाली आणि मी संतापाने लाल. मला घडी नसलेला चाकू हवा होता. लहानसा, दिवसभर कमरेला असला तरी न टोचणारा.

दुकानात नणंदेला घेऊन गेले. दुकानदाराने माझ्या हाताकडे पाहिलं आणि बोलायला लागला तो नणंदेशी. "यांना भाजी चिरायला हवाय का?"

"तिलाच विचारा," नणंद म्हणाली. "बोटं गेलीत, जीभ शाबूत आहे. आम्ही घरात रोज भोगतो."

मग त्याने एक भलंथोरलं धूड काढलं. पाठीवर करवतीसारखे दात, मुठीत होकायंत्र.

"वहिनी, हा घे," नणंद म्हणाली. "हत्ती सोलायचा असला म्हणजे बरा."

मी तो बाजूला सारला. बाकीचे काढायला लावले आणि हातमोजा चढवला. दुकानदार प्रत्येक चाकूच्या पोलादाची वंशावळ सांगत होता. मला पोलादाआधी म्यान बघायचं होतं. चामड्याचं म्यान दिसायला देखणं, पण त्याला बटणाची पट्टी. बटण उघडलं, तर चाकू आत घट्ट बसलेला. ओढला की म्यानही बरोबर वर येतंय. म्यान धरायला दुसरा हात हवा. गेलं ते. गळ्यात साखळीने लटकवायचा एक होता. मी वाकले, तर तो थेट दातांवर आपटला. तोही गेला.

मग एक साधा, काळ्या मुठीचा निघाला. पातं तळव्यापेक्षा थोडं आखूड, मूठ मात्र चारी बोटं मावतील एवढी. पात्याचं पोलाद मुठीच्या पार शेवटापर्यंत गेलेलं, म्हणजे जोर लावला तरी मुठीपाशी मोडायची भीती नाही. म्यान कडक प्लास्टिकचं. मी ते पट्ट्यावर पोटाशी आडवं अडकवलं, मूठ उजवीकडे. अंगठ्याने म्यानाच्या काठावर रेटा दिला आणि चाकू हातात आला. परत सारला, टक्‌ आवाज करून बसला. मी गल्ल्यासमोर ओणवी झाले, उड्या मारल्या, अंग गदागदा हलवलं. चाकू जागचा हलला नाही.

"बाई, इथे गिऱ्हाइकं आहेत," दुकानदार म्हणाला.

"मीही त्यातलीच आहे."

"धार कागदावर बघा, कागदावर."

"कागदाने ट्रक बांधत नाहीत." मी पिशवीतून माझा नायलॉनचा दोर काढला. दोन ओढींत तुटला. सगळ्यात आवडलं ते टोक. सुईसारखं नव्हतं, खाली उतरतं आणि बोथट होतं. दोराखाली सरकवलं तर ताडपत्रीला भोक पडणार नाही. दुकानदार म्हणाला, टोकदारच जास्त खपतात. खपू देत.

शनिवारी वारा सुटला होता. ट्रक पोत्यांनी गच्च भरलेला. एका कडेला मी, दुसऱ्या कडेला पैलवान. हा आमच्यातला सगळ्यात दांडगा गडी, मनाने वाईट नाही. खाली मालक आणि अख्खा कारखाना, माना वर करून.

पसरणं झालं, दोर ओवले, मी माझ्या बाजूचे बांधत गेले. मधल्या रांगेत मागच्या खेपेचा, रिंगांत तसाच राहिलेला एक जुना दोर ताडपत्रीवर पिळा घालून बसला होता. वाऱ्याने ताडपत्री फुगली आणि तो असा ताणला गेला की गाठ सुटेना. कापायलाच हवा होता, आणि खालचं कापड फाटता कामा नये.

"थांब ताई, मी कापतो," पैलवान ओरडला. त्याच्या डाव्या हातात ताणलेला दोर. उजव्याने खिशातून चाकू काढला, हातमोजा घातलेल्या अंगठ्याने चाचपला. उघडेना. दोर सोडावा तर ताडपत्री उडाली असती. शेवटी चाकूचं पातं त्याने दातांत धरलं आणि मान हिसडली. पातं निघालं, बरोबर ओठही कापला.

मी गुडघ्याखाली दोर दाबला. अंगठ्याचा रेटा दिला, चाकू हातात. बोथट टोक पिळ्याखाली सरकवलं, धार वरच्या अंगाला फिरवली आणि ओढली. दोर फाडकन तुटला. ताडपत्रीवर ओरखडासुद्धा नाही. लगेच चाकू म्यानात, हात परत दोरावर.

"ताई," पैलवान ओठ पुसत म्हणाला, "माझ्या बाजूचा पण काप की."

कापला. त्याच्या बाजूच्या दोन गाठीही मीच ओढल्या.

खाली उतरले. मालकाने स्वतः एकेक दोर खेचून पाहिला. वीणेच्या तारेसारखे ताठ. त्याला चूक सापडत नव्हती आणि त्याचा शोध चालूच होता.

"बांधलास खरा," तो म्हणाला. "पण शेवटी काम दोन हातांचंच—"

"कुणाचे दोन हात?" मी म्हटलं. मोठ्यानेच म्हटलं. "आत्ता काय पाहिलंत वर? एक हात कायम दोराला लागतो, मालक. माथ्यावर चढला की प्रत्येकजण एका हाताचा. हे लोक इतकी वर्षं दातांनी चाकू उघडतायत आणि तुम्ही बोटं माझी मोजताय!"

कुणीतरी शिट्टी वाजवली. पैलवान रुमाल ओठावर दाबून हसत होता, आणि हसताना दुखतंय म्हणून शिव्या देत होता.

मालकाने घसा खाकरला. "बरं. सोमवारपासून ये वरच्या कामावर."

फाटकात दुसरा ट्रक हॉर्न मारत उभा होता, माल उघडाच.

"सोमवार कशाला?" मी म्हटलं आणि शिडी त्या ट्रककडे ओढत नेली.